पिस्तुलाचा कागद

"थेरडा मुद्दाम लांबण लावतोय," देवव्रत गोड हसत म्हणाला आणि आर्थरच्या हातातली स्कोनची बशी अगदी अदबीने घेतली. "आज तरी त्या घराचं दार उघडणार आहे का?"

आर्थरने कौतुकाने निवेदिताकडे पाहिलं. काय म्हणतोय तुझा नवरा, असं विचारलं.

स्कोन छान झालेत म्हणतोय, निवेदिताने सांगून टाकलं.

नऊ रविवार हे असंच चाललं होतं. या दोघांचं मराठी ऐकायला आर्थरला भारी आवडायचं. कसं झुळझुळतं, म्हणायचा. त्या झुळझुळीत त्याचा उद्धार चाललेला असायचा, हे बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

देवव्रत आगाशे न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनजवळच्या दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनियर, आणि नाद म्हणाल तर लढाईतली पिस्तुलं. नुसती पिस्तुलं नव्हेत हं. पिस्तूल ज्याने रणांगणावरून आणलं त्याने ते कुठे, कसं मिळालं हे सांगायचं, ते कागदावर उतरवायचं आणि खाली त्याने सही करायची. असा कागद नसलेल्या पिस्तुलाला तो 'मुकं' म्हणायचा. घरातल्या पोलादी कपाटात सात पिस्तुलं होती आणि सातही बोलकी. कागद लिहायचं काम निवेदिताचं. ती हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात काउंटरवर बसायची, दिवसभर लोकांची नावं आणि जन्मतारखा लिहायची. घरी येऊन नवऱ्याचे कागद लिहायची. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. लिहिशील का, असं त्याने कधी विचारलं नव्हतं आणि नाही म्हणायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

आर्थर चौऱ्याऐंशीचा. बायको गेलेली, मुलगा पर्थला, त्याचा फोन ख्रिसमसला. पहिल्याच रविवारी त्याने कपड्यांच्या कपाटातून बिस्किटांचा डबा काढला आणि आतलं जर्मन वॉल्थर पिस्तूल देवव्रतला देऊन टाकलं, फुकट. पोलिसांचे सोपस्कार देवव्रतने रीतसर उरकले. पण ते कसं मिळालं ती गोष्ट मात्र महायुद्धातल्या इटलीच्या चिखलात रुतून बसली. एक रविवार नदीत गेला, एक पावसात, मग तीन रविवार एका अडेल खेचरापायी. शेवटी गाडी एका शेतघरापाशी पोचली. दारापर्यंत आला की म्हातारा उठून चहा ओतायचा. पुढचं पुढच्या रविवारी.

कारण निवेदिताने केव्हाच ओळखलं होतं. सही झाली की ही दोघं यायची नाहीत, एवढं कळायला आर्थर काही खुळा नव्हता. पण देवव्रतही खुळा नव्हता.

"त्याला सांग, आपण कायमचे वेलिंग्टनला चाललोय. आज शेवटचा रविवार."

"असं नको रे."

"मग काय वर्षभर खेचराची वरात बघू? तूच सांग. तुझं त्याला खरं वाटेल."

आणि तिने सांगितलं.

आर्थरने किटलीवरचा लोकरी टोप नीट बसवला. पुन्हा काढून पुन्हा बसवला. मग बसला आणि एका दमात बोलून मोकळा झाला. दार ढकललं. आत एकच जर्मन पोरगा, सतरा-अठराचा. एक हात वर, दुसऱ्या हाताने पिस्तूल मुठीकडून पुढे केलेलं. लढाई संपली म्हणून हसत होता. आर्थरने पिस्तूल घेतलं आणि त्याच पिस्तुलाने त्याला गोळी घातली. का? त्या सकाळी आपला दोस्त मेला होता आणि थंडी फार होती, एवढंच आर्थरला सांगता आलं. बायकोलाही हे त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"ते लिहू नकोस, पोरी," तो म्हणाला. "तो शरण आला, एवढंच लिही."

देवव्रतचे डोळे चमकत होते. "सगळं लिही," तो मराठीत म्हणाला. "हसण्यासकट. असा कागद अख्ख्या न्यूझीलंडात कुणाकडे नसेल."

तिने सगळं लिहिलं. सुवाच्य अक्षरात, हसण्यासकट.

आर्थरने चष्मा लावून वाचलं. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खरंच आहे म्हणाला आणि सही केली. आणि ख्रिसमसचं कार्ड पाठवायला त्यांचा नवा पत्ता मागितला.

निवेदिताने तोही लिहून दिला. वेलिंग्टनजवळचं अप्पर हट, घराचा नंबर, रस्ता, सगळं मनचं. गाडीत देवव्रत स्टिअरिंगवर ताल धरून होता. "अप्पर हट म्हणे. स्वीट ॲज, एकदम झकास, निवी. तू तर माझ्याही वरताण निघालीस." आणि तिला, खरं सांगायचं तर, हसू आलं.

सात आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी काउंटरवर काठी टेकल्याचा आवाज झाला. सवयीने तिच्या तोंडून "किया ओरा" हा माओरी नमस्कार निघाला आणि मग तिने वर पाहिलं. आर्थर तिच्याकडेच बघत होता. मोतीबिंदू असला तरी हातभर अंतरावरचं त्याला स्वच्छ दिसत होतं.

मागे रांग होती. तिने नाव विचारलं. त्याने पूर्ण नाव सांगितलं. जन्मतारीख विचारली, तीही सांगितली. मग पत्ता. हे सगळं तिला पाठ होतं, तरी ती लिहीत राहिली. डोळ्यांत औषध घातल्यावर घरी न्यायला कोण येईल, कुणाचं नाव लिहू, हेही विचारावंच लागलं.

"कुणाचंच नको, मॅडम."

"आर्थर, आम्ही..."

"तुमची काहीतरी गल्लत होतेय," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या ओळखीची माणसं अप्पर हटला राहतात."

त्याने नंबराची चिठ्ठी घेतली आणि आभार मानले. तिथल्या सगळ्या खुर्च्या काउंटरकडे तोंड करून होत्या. आर्थरने काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी एक खुर्ची धरली, थांबत थांबत ती खिडकीकडे वळवली आणि बाहेरच्या पार्किंगकडे बघत ताठ बसून राहिला.