सहादूंचा तीव्र मानसिक क्लेश

सहादू गांगुर्डे यांनी सगळी नोकरी सरकारी कचेरीत लोकांना ताटकळत ठेवण्यात काढली. पण स्वतःवर ताटकळायची वेळ आली तेव्हा त्यांना एकदम कायदा आठवला.

झालं असं. त्यांची बायको आक्काबाई, तिच्या भाचीचा, दिशाचा, कल्याणला साखरपुडा होता. दोघं नाशिकरोडहून सकाळच्या गाडीत बसले. गाडी इगतपुरीपर्यंत शहाण्यासारखी गेली आणि तिथं जी बसली ती उठेचना. 'तांत्रिक कारणामुळे गाडी विलंबाने धावत आहे,' असं भोंगा सांगत होता. धावत वगैरे काही नव्हती. कारण विचारलं तर कुणाला ठाऊक नाही. दुपार कलल्यावर गाडी हलली आणि दोघं कल्याणला पोचले तेव्हा हॉलवाला खुर्च्या टेम्पोत चढवत होता.

परत आल्यावर नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या रिक्षातच सहादूंनी घोषणा केली, "सोडणार नाही! नुकसानभरपाई घेणार!" रिक्षावाल्यानं दचकून आरशात पाहिलं. आपण काय केलं, हे त्याला कळेना.

वकील करायचा नाही असं ठरलं. "मराठी येतं मला," सहादू म्हणाले. ग्राहक आयोगासाठी त्यांनी स्वतः तक्रार लिहिली आणि मेथी निवडत बसलेल्या बायकोला वाचून दाखवली. "अर्जदारास तीव्र मानसिक क्लेश, सामाजिक मानहानी आणि उपासमार सोसावी लागली."

"उपासमार?" आक्काबाईंनी मान वर केली.

"कायद्याची भाषा असते ती."

"आन् चार वडे खाल्ले ते कंच्या भाषेत?"

सहादूंनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि 'अर्जदार क्रमांक दोन' म्हणून तिची सही घेतली. साक्षीदार म्हणून त्यांनी गुलजारबींना गळ घातली. गुलजारबींचं जुन्या नाशकात बांगड्यांचं दुकान. त्या दिवशी त्या नातीला घेऊन त्याच डब्यात, समोरच्या बाकावर होत्या.

सुनावणीच्या दिवशी सहादू कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. आयोगाच्या अध्यक्ष बाई चष्मा पुसत ऐकत होत्या. क्लेशाचं वर्णन इतकं रंगलं की सहादूंनी स्वतःचेच डोळे पुसले. मग रेल्वेची तरुण वकील उठली आणि तिनं गुलजारबींना साधाच प्रश्न विचारला, "तुम्ही त्याच गाडीत होतात, याला पुरावा काय?"

"है ना पुरावा!" गुलजारबी खूश झाल्या. "आमच्या नातीनं, इन्शानं व्हिडिओ काढलाय."

सहादू नको नको म्हणेपर्यंत मोबाइल अध्यक्षांच्या हातात गेला होता.

व्हिडिओत इगतपुरीचा प्लॅटफॉर्म होता. डब्यातली निम्मी माणसं खाली उतरून अंताक्षरी खेळत होती. मधोमध, एका हातात वडा आणि दुसऱ्या हातानं ताल धरलेले, अर्जदार क्रमांक एक. गाणं संपवून ते कॅमेऱ्यात बघत म्हणाले, "आता आणखी दोन तास गाडी सुटली नाही तरी चालेल!"

मागच्या बाकावर कुणीतरी खाकरून हसू दाबलं. वकील बाईंनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"साहेब माणूस बडा दिलदार आहे," गुलजारबी भाबडेपणानं म्हणाल्या. "सगळ्या डब्याला चहा पाजला."

सहादूंना धरणी दुभंगेल तर बरं, असं वाटलं. आता खरी मानहानी होत होती, पण ती तक्रारीत घालायची सोय नव्हती.

अध्यक्ष बाईंनी मात्र व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी त्या वडा खाणाऱ्या सहादूंकडे बघत नव्हत्या. "मागं खिडकीत या कोण बसल्यात? मांडीवर पिशवी घेतलेल्या?"

"ती माझी बायको," सहादू पुटपुटले.

"सगळे गातात. या का गात नाहीत?"

सहादूंना ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी एकदाही खिडकीकडे वळून पाहिलं नव्हतं.

आक्काबाई मागच्या बाकावरून उठल्या. पदर सावरला. "बाई, पोरगी माझ्या बहिणीची. आई गेली तवा तीन वर्षांची व्हती. गावाकडं हरसूलला माझ्यापाशीच वाढली. साखरपुड्याला आईच्या जागी मला उभं ऱ्हायचं व्हतं. पोरीनं लय येळ वाट पाह्यली. मग मुहूर्ताचं काय नव्हतं, पण जेवणावळ खोळंबली म्हून शेजारणीला उभं केलं." त्यांनी सहादूंकडे एक नजर टाकली. "बाकी उपासमार काय झाली नाय."

गुलजारबींनी डोळ्यांना ओढणी लावली.

अध्यक्ष बाईंनी रेल्वेच्या वकिलांकडे पाहिलं. "उशिराचं कारण?" त्यांच्याकडे अजूनही 'तांत्रिक' एवढाच शब्द होता.

महिन्याभरानं निकाल आला. उपासमार फेटाळली, सामाजिक मानहानी फेटाळली, अर्जदार क्रमांक एकचा तीव्र मानसिक क्लेश तर विशेष शेरा मारून फेटाळला. भरपाई मंजूर झाली ती फक्त अर्जदार क्रमांक दोनला.

आयोगाच्या जिन्यावर सहादू दोन पायऱ्या मागून उतरत होते.

"तुला आईच्या जागी उभं राहायचं होतं, हे मला सांगायचंस ना," ते म्हणाले. "तक्रारीत घातलं असतं."

"तुमी इचारलं व्हतं?"

खाली उतरल्यावर सहादूंनी आक्काबाईंच्या हातातली छत्री स्वतःकडे घेतली आणि म्हणाले, "रविवारी कल्याणला जाऊ. दिशाकडे. राहू दोन दिवस."

"तुमी बी?"

"म्हणजे काय!"

गेले खरे. आक्काबाई आणि दिशा स्वयंपाकघरात शिरल्या त्या दुपारपर्यंत बाहेर आल्या नाहीत; आतून कधी हसणं, कधी नाक ओढल्याचा आवाज येई. बाहेर दिशाचे होणारे सासरे रंगनाथराव भेटायला आले होते. त्यांनी सहज विचारलं, "तुमची ती केस जिंकलात म्हणे?"

सहादू सोफ्यावर सरसावून बसले. "सांगतो. मुळात रेल्वेचा कायदा..."

"थोडक्यात," आतून आक्काबाई म्हणाल्या.

सहादू पुन्हा मागे टेकले. "बायको जिंकली," ते म्हणाले, आणि रंगनाथरावांपुढे पोह्यांची बशी सरकवली.