महाराजांचा कम्प्युटर

मंडपाबाहेर चपलांचा एवढा ढीग होता की माझ्या चपला काढायला जागा सापडेना. आत पाटावर मॉनिटर, त्याला हार, कुंकू, समोर उदबत्ती. त्याची वायर मागच्या भगव्या पडद्याआड गेलेली. कम्प्युटर दोन-तीन सालांपूर्वीच भिलाईच्या शाळांत आले, आणि एवढ्यात त्यांचं मंदिरही झालं!

"भक्तजनो, इन्सान भूलता है, मशीन नहीं भूलती!" महाराज गरजले. "इसकी मेमरी में चौरासी लाख योनियों का हिसाब है!"

आमच्या शाळेतल्या मशीनला एक लांबलचक निबंध पेलत नाही. कम्प्युटरचा तास मीच घेते, म्हणून ठाऊक.

मला यायचं नव्हतं. नारळातून आग काढणारे झाले, अंगात येणाऱ्या झाल्या. दर वेळी तेच सांगून घसा बसलाय. पण काल माझ्याच वर्गात सरलाला मिरगीची फीट आली. बाकावर आपटून कपाळ फुटलं. तिची आई रत्नमालावहिनी माझ्या शेजारच्या.

"गोळ्या कावून बंद केल्या?" मी विचारलं होतं.

"कम्प्युटरनं सांगतलं, बाई. मागच्या जन्मी नाग मारला म्हने पोरीनं. गोळ्या सोडा, ताईत बांधा. अन् यांची पगाराची स्लिप कम्प्युटरातूनच निघते ना? थे चुकते का कधी?"

स्टील प्लांटवाल्यांच्या घरी काय बोलणार! कडेला भोकं असलेल्या कागदावर छापून आलं, की इथं ते ब्रह्मवाक्य. म्हणून वहिनींना घेऊन मी रांगेत उभी राहिले.

रांगेत एक बाई पाणी वाटत होती. "कहाँ से आई हो, दीदी? क्या तकलीफ है?" फार मायेनं विचारत होती.

"उतईहून," मी तिच्या कानाशी म्हटलं. "नवरा विहिरीत पडून गेला."

ती पडद्यामागं गेली. टकटक ऐकू आली. माझा नंबर लागला तेव्हा मॉनिटरवर अक्षरं उमटली: उतई, पति, कुआँ.

महाराजांनी डोळे मिटले. "बेटी, तेरे पति की आत्मा कुएँ में भटक रही है!"

लोकांनी हात जोडले. वहिनींनीही जोडले, आणि मग खाली घेतले. "पन बाई, तुमचं तं लगनच नाही झालं!"

मी पडदा ओढला. पाणीवाली कीबोर्डपुढं बसली होती, शेजारी कम्प्युटरचा डबा. मी प्लग उपटला.

"देवता कुपित होंगे!" महाराज ओरडले. कोणी कोपलं नाही.

"हा मॉनिटर, यावर नुसतं दिसतं," मी वर्गात सांगते तसं सांगितलं. "या कीबोर्डनं माणूस आत मजकूर घालतो. डब्यातला सीपीयू त्यावर काम करतो. चालू कामाची मेमरी फळ्यासारखी असते, वीज गेली की पुसली. टिकवायचं तर फ्लॉपीवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवावं लागतं, आणि तेही माणूस सांगेल तेव्हाच. न घातलेलं यातून निघत नाही."

प्लग पुन्हा लावला. पाणीवालीला बाहेर बसवलं. "आता विचारा माझं नाव."

मॉनिटरवर एक रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

"देवता मौन में हैं," महाराज पुटपुटले. कुणीतरी हसलं. मग सगळेच चपला शोधायला लागले.

घरी जाताना वहिनी महाराजावर नाही, माझ्यावर चिडल्या. "तुमाले काय भेटलं, बाई? एका ताइतात बरी होनार होती माही पोरगी. आता सरला गोळ्याच खात राहीन का?"

मला फार वाईट वाटलं. खोटी का होईना, त्यांची आशा मीच मोडली होती. "किती दिवस ते डॉक्टर सांगतील," मी म्हटलं. "पण त्यांच्याशी भांडता येतं, वहिनी. कावून म्हणून विचारता येतं."

 घरी गेल्यावर त्यांनी सरलाच्या दंडावरचा ताईत सोडला, टाकला मात्र नाही, देवापुढं ठेवला. मग गोळ्यांची पुडी काढली. मी पाण्याचा पेला पुढं केला. गोळी पोटात गेली, तेवढं पुरे.

उद्या दुसरा महाराज येईल, दुसरं यंत्र घेऊन. हात जोडण्याआधी एवढं विचारा, यात घातलं कोणी, आणि पडद्यामागं कोण बसलंय? आणि उत्तर काहीही मिळो, डॉक्टरला विचारल्याशिवाय लेकराचं औषध बंद करू नका.