सुपारी वैभवीच्या हातची

वैभवीने नेमाप्रमाणे देवापुढे दिवा लावला, गुरुवारचा उपास धरला आणि काकूंना सांगितलं, "आज उशीर होईल."

मारोतकाका पेपराआडून बोलले, "होऊ दे. सहीचा कागद आन म्हंजे झालं. नाहीतर तुह्या बापानं सांगूनच ठेवलं हाय, जूनपासून गावाले, पारशिवनीले चल अन् आपल्या कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बस."

वैभवी काकांकडे राहून शिकत होती ते कला व्यवस्थापन हे काही शिक्षण आहे, हे त्यांना अजून पटलेलं नव्हतं. "डॉक्टर रोग बरा करते, वकील केस लढते. तू काय करशीन वं? नाचणाऱ्यायचे घुंगरू मोजशीन?" असं ते पाहुण्यांदेखत विचारत.

"मोजीन, काका. कमी भरले तर आणूनही देईन," म्हणून वैभवी चपला घालून हुडकेश्वरहून बस पकडायची.

पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एका खऱ्या कार्यक्रमाचं काम करायचं होतं. वैभवीला महोत्सव भरवणारी एक कंपनी मिळाली. तिथल्या सुमंत सरांनी सही दिली तर पदवी, नाही तर नापास. महोत्सवात खडीगंमत आणायची कल्पना तिचीच. आधी गणपतीला आळवणारा गण, मग डफ-तुणतुण्यावर उभ्याने रंगणारा हा खेळ. भोवती लोकही उभेच, आणि बाईचं काम करायला पुरुषच.

संध्याकाळी सीताबर्डीजवळच्या सभागृहाच्या अंगणात देवराव शाहीर कागद पेटवून डफ शेकत बसले होते. वॉचमन "आग, आग" करत भोवती नाचत होता. तेवढ्यात सुमंत सर आले.

"वैभवी, थोडा बदल आहे. भाषणं लांबणार, त्यामुळे यांना दहाच मिनिटं. गणबिण नको, सरळ त्या नाच्याला नाचवा. लोक हसतील, मजा येईल."

गोविंदा लुगड्याच्या निऱ्या करत होता. मान वर न करता तो म्हणाला, "साहेब, गणाबिगर उभा राहिलो तं लुगडंच सुटते माह्यं. मंग हसतीन लोक, पन तुम्हाले."

सर देवरावांकडे वळले. "काका, बिदागी पूर्ण मिळेल. चिंता नको."

देवरावांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "पोरी, तू सांग," ते म्हणाले. "सुपारी तुह्या हातची हाय."

फोनवर ठरलेला खेळ देवराव ठरलेला मानत नसत. कुणीतरी दारी यावं, नारळ-सुपारी हातावर ठेवावी. ज्याच्या हातची सुपारी, तोच यजमान. करारावर कंपनीचं नाव होतं खरं, पण कंपनी नावाचा कुणी माणूस त्यांच्या दारी आलाच नव्हता. आली होती वैभवी. तिने आपली रीत म्हणून नारळ-सुपारी ठेवली, चहा घेतला आणि बस गाठली. आपण काय कबूल करून बसलो, ते तिला आत्ता कळत होतं.

"ही?" सर हसले. "अहो, ही इंटर्न आहे!"

वैभवीच्या डोळ्यांपुढे कृषी केंद्राचा गल्ला आला. पण भूक लागली म्हणून उपास दुपारीच सोडून मोकळं व्हायचं, असं तिच्या घरात कुणी केलं नव्हतं. आणि इथे तर दुसऱ्याच्या हातावर नारळ ठेवला होता.

"सर, गण होईल. खेळही पूर्ण होईल."

"मग स्टेज मिळणार नाही. माईकही नाही."

"नका देऊ."

"आणि सही?"

"तीही नका देऊ. फक्त कारण खरं लिहा. मुलीनं गण कापायला नकार दिला, असं लिहा."

"अगं, पदवी घालवशील! या चार लोकांसाठी?"

"पुढच्या वर्षी परत बसेन, सर. आणि परत यांनाच आणीन."

सर तणतणत आत गेले. वैभवी देवरावांकडे वळली. "बाबा, इथंच करा. अंगणात."

"इथं कोन पाहीन वं?"

"तुम्ही डफ वाजवा. मानसं आनाचं काम माह्यं. तेच तं शिकून राहिली मी."

डफावर थाप पडली तशी ती फाटकाबाहेर धावली. मेट्रोच्या जिन्याशी उभी राहिली, कपड्यांच्या ठेल्यांवर गेली, ऑटोवाल्यांना हाका मारल्या. "खडीगंमत हाय, दादा. फुकट हाय. चला नं!" एक आला, त्याच्यामागे चार आले. पिशव्या सांभाळत बाया आल्या. आतल्या भाषणांना कंटाळलेले पासवालेही हळूच सटकून बाहेर आले. अंगणात कडं भरलं.

ते पाहून सुमंत सर पायऱ्या उतरून आले. "अरे वा! काका, जरा थांबा. मागे आपला बॅनर लावतो."

"बॅनर आतच राहू द्या, सर," वैभवी म्हणाली. "तिथं भाषणं चालू आहेत."

देवरावांनी डफ थांबवला. गणाआधी यजमानाचं नाव घ्यायचं असतं. त्यांनी चौफेर नजर फिरवली आणि खड्या आवाजात विचारलं, "यजमान कोन हाय?"

पडद्यामागे वावरणाऱ्यांनी दिसू नये म्हणून कंपनीने तिला काळे कपडे दिले होते. त्याच कपड्यांत ती कडं फोडून मधोमध आली.

"मी. वैभवी. पारशिवनीची."

"जोरानं बोल वं! ऐकूच येऊन नाही राहिलं!" मागून एक ऑटोवाला ओरडला.

वैभवी वळली आणि थेट पायऱ्यांपाशी उभ्या सरांकडे तोंड करून ओरडली, "यजमान मी हाय!"

"असं!" देवराव म्हणाले, आणि गण सुरू झाला.