प्राणरथाचा पंखा

वैशाखातली दुपार होती. झाशीत त्या वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, पण मराठी वसाहतीच्या देवळामागच्या मैदानात माणसं डोक्यावर पदर आणि गमछे घेऊन ताटकळत उभी होती. मऊरानीपूरच्या रस्त्याने धूळ उडाली आणि मार्तंडनाथ महाराजांचा प्राणरथ आला.

रथ म्हणजे लष्कराच्या लिलावात सुटलेली जुनी जीप. तिला भगवा रंग, ट्रकला शोभतील असे टायर आणि कपाळभर दिवे बसवलेले. महाराजांनी उतरून बॉनेट उघडलं. इंजिनाच्या पुढच्या भागावर भगवं वस्त्र आणि झेंडूच्या माळा होत्या. माळांच्या फटीतून पंख्याची पाती तेवढी दिसत. महाराजांनी किल्ली काढली आणि समोरच्या निवृत्त सुभेदार उत्तमरावांच्या तळहातावर ठेवली.

"सुभेदारजी, मूठ बंद करा," ते म्हणाले. "यंत्र मेलं. आता जे हलेल, ते प्राणानं हलेल. सायन्सवाल्यांना विचारा, मुडदा श्वास घेतो का? माझा रथ घेतो."

मग मंत्र सुरू झाला. त्याचा अर्थ कुणाला लागत नसे आणि महाराजांनाही लागत असावा असं वाटत नसे, पण आवाज खणखणीत होता. थोड्या वेळाने मेलेल्या जीपमधून घरघर उठली. पंखा गरगर फिरायला लागला, वस्त्र फडफडलं, इंजिनावरून ऊन वारा वर आला. बायका हात पुढे करून तो वारा गुडघ्यांना, पोटाला, डोळ्यांना लावू लागल्या. "दद्दा, जो का हो रओ?" दादा, हे काय होतंय, असं शेजारच्या बुंदेली म्हाताऱ्याने पुटपुटत विचारलं, तेव्हा सगळ्या माना उत्तमरावांकडे वळल्या.

कारण जीपच्या बाबतीत वसाहतीत त्यांचा शब्द शेवटचा. बबीन्याच्या लष्करी वर्कशॉपात त्यांची उभी नोकरी जीपच्या पोटात डोकं घालण्यात गेली होती. पहिल्याच दर्शनाला ते मोठ्याने म्हणाले होते, "जीपचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबलं की पंखा थांबलाच पाहिजे. किल्ली माझ्या हातात आहे. हे माझ्या समजेपलीकडचं आहे."

महाराजांनी हे वाक्य अलगद उचललं. पार गरौठ्यापर्यंत गावोगाव ते सांगत सुटले की फौजेचा इंजिनियर साक्षीला आहे. उत्तमराव इंजिनियर नव्हते, पण त्यांनी ती चूक दुरुस्त केली नाही. ऐकायला बरी वाटत होती.

घरी मात्र ते वाक्य महागात पडलं. त्यांची बायको हौसाबाई साखरेच्या दुखण्याने रोज इन्शुलिन टोचून घ्यायची. महाराज तिला म्हणाले, "माताजी, सुई आणि प्राण एका देहात नांदत नाहीत." तिने सुई सोडली. मग तिची तहान भागेनाशी झाली, गाल बसले, उठताना ती भिंत धरू लागली. सून अनुश्री शाळेत विज्ञान शिकवायची. आज सकाळी तिने यंत्रावर रक्ताचा थेंब घेतला, तर आकडा उमटण्याऐवजी यंत्राने हात टेकले. साखर त्याच्या मापाबाहेर गेली होती. डॉक्टर फोनवर म्हणाले, आजच्या आज घेऊन या. हौसाबाई जागची हलेना.

"तुझं ऐकू की यांचं?" ती सुनेला म्हणाली. "यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं, हे समजेपलीकडचं आहे. जीपमधलं यांना कळत नाही, तर कुणाला कळतं?"

उत्तमरावांनी चष्मा पुसायला घेतला.

अनुश्री सासूपुढून उठून त्यांच्याकडे आली. "बाबा, एकच विचारते. पट्टा तुम्ही पाहिलात?"

त्यांनी पट्टा पाहिला नव्हता. आयुष्यात शेकडो बॉनेटं उघडली. एवढ्या एका बॉनेटपुढे हात जोडले. वस्त्राखाली काय आहे, हे त्यांनी डोळ्यांनी न बघता आठवणीतून सांगितलं होतं.

शेवटी हौसाबाईनेच तोड काढली. आज दर्शन आहे, ते घेऊन तिथूनच दवाखान्यात येईन म्हणाली. तिच्या मनात वेगळंच होतं. वैशाखात घरातल्या पिंडीवर ती गलंती टांगायची. तांब्याच्या भांड्याच्या भोकातून थेंब थेंब पाणी महादेवावर पडत राही. देवालाही ऊन लागतं, असा तिचा हिशोब. एवढ्या उन्हात धावून येणाऱ्या, धापा टाकणाऱ्या प्राणाला पाणी घालू का, असं तिने मागे एकदा महाराजांना विचारलं होतं. महाराज खेकसले होते की रथ कोपेल.

"वैशाखात पाणी नको म्हणणारा देव मी पहिल्यांदाच बघतेय," ती वाटेत म्हणाली. पदराखाली थंड पाण्याने भरलेला तांब्या होता.

आणि आता, पंखा ऐन रंगात असताना, हौसाबाई पुढे झाली. कुणी काही बोलायच्या आत तिने वस्त्रावर, माळांच्या मधोमध, तांब्याची धार धरली. महाराज ओरडले. धार चालूच राहिली. घरघर मंदावली. पाती दिसू लागली, मग मोजता येऊ लागली, आणि पंखा थांबला.

लोक पंख्याकडे आणि मग महाराजांकडे बघू लागले.

"माताजींनी प्राण घालवला," महाराज म्हणाले. लोकांच्या नजरा हौसाबाईवर गेल्या आणि त्या चांगल्या नव्हत्या. ती जीपला टेकून उभी होती.

उत्तमराव पुढे झाले आणि त्यांनी ओलं वस्त्र उचललं. पट्टा नव्हताच. मूळचा पंखा काढून तिथे विजेच्या मोटारीचा पंखा बसवला होता. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी उष्णता ओळखणारी घुंडी होती. तिच्यापासून एक वायर काळ्या डबीकडे जात होती, आणि डबीला वीज थेट बॅटरीतून मिळत होती.

"किल्लीचा याच्याशी संबंधच नाही," ते म्हणाले. "जीप लांबून धावून येते. इंजिन बंद केलं की आतलं पाणी फिरायचं थांबतं आणि जागच्या जागी आणखी तापतं. घुंडीला ते कळतं, डबी पंखा लावते. मंत्र तेवढा वेळ काढायला. हौसाने घुंडी गार केली, पंखा थांबला." मग ते महाराजांकडे वळले. "उद्या पहाटे, जीप रात्रभर उभी राहिल्यावर, ठेवा दर्शन. मी किल्ली घेऊन येतो."

महाराज म्हणाले, प्राणाला पहाटेची वेळ मानवत नाही. मागून कुणीतरी हसलं.

वस्त्र काढल्यापासून त्यातून ठिबकणारं पाणी घुंडीवर पडायचं थांबलं होतं, आणि इंजिन तर तापलेलंच होतं. पंखा कुणी न सांगता पुन्हा फिरू लागला. बायकांचे हात जोडले जाणार, तोच उत्तमरावांनी डबीवरचं, पंखा किती तापल्यावर लागावा हे ठरवणारं बटण एका बाजूला फिरवलं. पंखा थांबला. दुसऱ्या बाजूला फिरवलं, सुरू झाला. पुन्हा थांबवला, पुन्हा सुरू केला. महाराजांचा प्राण बोटाच्या पेरावर आला होता.

"सोय उत्तम आहे," ते म्हणाले. "गर्दीत गाडी तापत नाही. माझ्याकडे जीप असती तर मीही बसवून घेतली असती." बटण त्यांनी होतं तिथे नीट आणून ठेवलं, नाहीतर मऊरानीपूर यायच्या आत इंजिन उकळलं असतं, जीपचा काय गुन्हा. मग त्यांनी किल्ली परत दिली आणि लोकांसमोर, त्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मी न बघता बोललो. माझ्या बोलण्यावर कुणी औषध सोडलं असेल, तर आज घरी जाऊन घ्या."

गर्दीतल्या दोन-तीन बायकांनी माना खाली घातल्या.

दवाखान्यात नर्सने सुई भरली. हौसाबाईने दंड पुढे केला आणि नवऱ्याकडे बघून विचारलं, "ही तरी आतून बघितलीत का?"

"बघितली," उत्तमराव म्हणाले. "डॉक्टरांना दोनदा विचारलं."

घरी पिंडीवर गलंती अजून टिपकते आहे. तिने कुणाचं औषध बंद केलेलं नाही, म्हणून तिच्याशी कुणाचं भांडणही नाही. पण ज्याला पाणी चालत नाही, पहाट चालत नाही आणि प्रश्न चालत नाही, असा चमत्कार तुमच्या दारी आला, तर हात जोडण्याआधी त्याच्यावरचं वस्त्र एकदा उचलून बघा. खाली देव असेल तर तो रागावणार नाही.