परीक्षेच्या दिवशी मी सुरूच होईना

मित्रांनो, पुढे-मागे लाल अक्षरांत ‘शिकाऊ’ असं लिहिलेली मी एक जुनी मोटार आहे. वय वर्षं एकोणीस. रंग पांढरा, असं आपलं म्हणायचं.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. दर रविवारी ते मला स्वतः पुसायचे आणि कुणी दार आपटलं की त्यांचेच दात दुखल्यासारखं तोंड करायचे. पुढे त्यांनी नवी गाडी घेतली आणि मी मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आले. माझे गिअर आपोआप बदलतात. मला क्लच नाही, त्यामुळे डाव्या पायाला कामच नाही. शेकडो माणसं माझ्यावर शिकली. कुणी मला कुंपणात घातलं, कुणी फुटपाथवर चढवलं, एकाने तर ब्रेक समजून अशी काही जोरात लाथ मारली की मास्तरांचा चष्मा मागच्या सीटवर सापडला. पण पास झाल्यावर प्रत्येक जण माझ्या बॉनेटवर हात फिरवून जायचा. तेवढ्याने मी भरून पावायचे.

त्यातल्याच एक टेलरताई. लहानपणीच्या आजाराने त्यांचा डावा पाय अधू झालेला. दोन ठिकाणी त्यांना “तुम्हाला नाही जमायचं” म्हणून परत पाठवलं होतं, कारण तिथल्या सगळ्या गाड्या क्लचच्या. कापड आणायचं, शिवलेले कपडे पोचवायचे, सगळ्यासाठी कुणाची तरी मनधरणी. मास्तरांना त्या पहिल्या दिवशीच म्हणाल्या, “कुणी सोडेल तेव्हा जायचं आणि कुणी आणेल तेव्हा यायचं, याचा मला वीट आलाय.” तीन महिन्यांत त्या मला अशा चालवू लागल्या, की जणू रेशमावर टीप घालताहेत.

पण मला महिनाभर एक दुखणं लागलं होतं. चावी फिरवली की कधीकधी मी गप्प. मास्तर गिअरचा दांडा मागे-पुढे हलवायचे, मग मी सुरू व्हायचे. “वय झालं बिचारीचं,” ते म्हणायचे आणि विषय संपायचा. अहो, वय नव्हतं ते! मी कळवळून सांगत होते, पण ऐकतो कोण?

शेवटी परीक्षेचा दिवस उजाडला. टेलरताईंच्या शिकाऊ परवान्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. म्हणजे आज नाही, तर पहिल्यापासून सगळं. सोबत त्यांच्या थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. कौतुकाने नव्हे हं, सासूबाईंनी पाठवलं म्हणून. “गाडी शिकून हिला जायचंय तरी कुठे?” असं त्या वाटेत दोनदा म्हणाल्या होत्या.

अकरा वाजता मैदानावर नाव पुकारलं. टेलरताई माझ्यात बसल्या, पट्टा लावला, आरसा नीट केला आणि चावी फिरवली.

टक् नाही की टुक् नाही.

मास्तरांनी दांडा हलवला. परत हलवला. मग पाळणा हलवावा तसा हलवत राहिले. मी मेले ओशाळून! परीक्षक साहेबांनी घड्याळ पाहिलं. “एक वाजता वही बंद होते. तोवर गाडी आणा, नाहीतर पुन्हा अर्ज करा.”

मास्तर धावतच समोरच्या गल्लीतून वायरिंगच्या मिस्त्रींना घेऊन आले. त्यांना सगळे दिवाकाका म्हणतात, कारण वायरी तपासायचा छोटा दिवा कायम त्यांच्या खिशाला अडकवलेला असतो. माणूस मोजकं बोलणारा.

“हॉर्न वाजवा,” ते म्हणाले. मी असा कर्णा फुंकला की जाऊबाई दचकल्या. “बॅटरी ठणठणीत आहे.”

मग त्यांनी माझं बॉनेट उघडलं, हँडब्रेक ओढायला लावला, चाकांपुढे-मागे विटा ठेवल्या आणि इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरच्या बारीक वायरीला दिवा लावला. “फिरवा चावी.” दिवा विझलेलाच. “दांडा पीवरून, म्हणजे पार्किंगवरून, एनवर, न्यूट्रलवर घ्या. आता फिरवा.” तरी अंधार.

“म्हणजे स्टार्टरपर्यंत करंटच पोचत नाही,” दिवाकाका म्हणाले. “मागचा दिवा लागतो का बघा हो कुणीतरी. दांडा आरवर, रिव्हर्सवर टाका.” जाऊबाई मागे गेल्या. “नाही बाई लागत!”

दिवाकाकांचे डोळे चमकले. त्यांनी बॅटरी सोडवून खालची ताटली काढली, बॅटरी बाजूला ठेवून तिच्या वायरी तात्पुरत्या जोडल्या. गिअरबॉक्सच्या अंगाला बसवलेला एक चपटा काळा डबा दिसला. त्याच्या प्लगमध्ये येणाऱ्या वायरीला दिवा लावला. चावी फिरवली. लख्ख! जाणाऱ्या वायरीला लावला. काळोख!

“सापडला!” मास्तर ओरडले.

“न्यूट्रल सेफ्टी स्विच,” दिवाकाका म्हणाले. “दांडा पीवर किंवा एनवर असेल तरच हा स्टार्टरला करंट सोडतो, मागचा दिवाही याच्यातूनच लागतो. आतून झिजलाय.” खात्रीसाठी त्यांनी त्या दोन वायरी क्षणभर जोडल्या आणि चावी फिरवायला सांगितलं. मी धडाडून जागी झाले! काय सांगू तुम्हाला तो आनंद!

“झालं काम!” मास्तरांनी टाळीच वाजवली. “वायर तशीच राहू द्या. परीक्षा उरकू, स्विचचं उद्या बघू.”

दिवाकाकांनी वायर काढून हातात घेतली. “मग ही गिअरमध्येही सुरू होईल, मास्तर. समोर माणूस उभा असला तर?”

घड्याळात पावणेबारा झाले होते. टेलरताईंनी एकदा साहेबांच्या टेबलाकडे पाहिलं, एकदा मैदानाच्या कडेला आपापली पाळी येण्याची वाट बघत उभ्या असलेल्या माणसांकडे.

“नको,” त्या म्हणाल्या. “हुकली तर हुकली परीक्षा. कुणाच्या अंगावर गाडी घालून मला परवाना नको.”

आणि मित्रांनो, तेव्हा जाऊबाई पुढे झाल्या! “तो डबा काढा आणि द्या माझ्याकडे. मास्तर, कुणाच्या तरी स्कूटरची चावी आणा.”

“तुम्हाला स्कूटर येते?” मास्तरांनी विचारलं.

“लग्नाआधी यायची,” त्या म्हणाल्या आणि पदर खोचला.

बॅटरीच्या वायरी सोडल्या. दिवाकाकांनी स्विच आधी जरा सरकवून पाहिलाच होता, उपयोग झाला नव्हता. आता दोन बोल्ट निघाले, दांड्याची जोडणी सुटली, पण प्लगची खिट्टी काही त्यांच्या जाड बोटांना दाद देईना. “सरा जरा,” टेलरताई म्हणाल्या. माझ्या अंगावर रेलून त्यांनी आत हात घातला आणि आयुष्यभर सुईत दोरा ओवणारी ती दोन बोटं... कट्! सुटली खिट्टी.

जुना स्विच पिशवीत टाकून जाऊबाई भुर्रकन गेल्या. पहिल्या दुकानात मिळाला नाही. दुसरा दुकानदार जेवायला निघाला होता, त्याला त्यांनी शटरखालीच अडवलं. “माझ्या धाकटीची परीक्षा आहे हो!” बारा वाजून पंचवीस मिनिटांनी त्या परत आल्या तेव्हा केस विस्कटलेले, पण चेहरा असा फुललेला, की त्याच पास झाल्यात!

नवा स्विच बसला. दांडा एनवर ठेवून स्विचवरची रेघ आतल्या खाचेशी जुळवायची होती. दिवाकाका डोळे बारीक करून बघत होते. “जुळली का?”

“अजून एक सूत मागे,” टेलरताई म्हणाल्या. “थोडं पुढे... पुढे... बस्स!”

बोल्ट आवळले, बॅटरी परत जागेवर गेली. आता खरी कसोटी. ब्रेक दाबून पीवर चावी फिरवली, मी सुरू! एनवर, सुरू! आरवर, शांत. डीवर, म्हणजे ड्राइव्हवर, शांत. आणि आरवर मागचा पांढरा दिवा झळकला तेव्हा जाऊबाई चक्क नाचल्या.

एकला दहा मिनिटं कमी असताना साहेब माझ्यात बसले. “गाडी नीट केलीत, की नुसती चालू केलीत?” त्यांनी विचारलं.

“नीट केली,” टेलरताई म्हणाल्या.

आम्ही चढ चढलो, मध्येच थांबलो, तसूभर मागे न घसरता निघालो. दोन खांबांमध्ये उलटे शिरलो, खांबांना पत्ताही लागला नाही. साहेबांनी वहीत सही केली आणि म्हणाले, “पास. हात चांगला आहे तुमचा.”

टेलरताई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडल्या. जाऊबाई दार उघडून पुढच्याच सीटवर बसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “रडतेस काय? चल, मला घरी सोड. आणि मास्तर, सोमवारपासून माझं नाव लिहा.”

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरची गाडी असो, पंखा असो की सायकल, ती अडखळली तर “हलवलं की होतं सुरू” म्हणून पुढे जाऊ नका. आम्हाला बोलता येत नाही, अडखळणं हेच आमचं बोलणं. थोडं थांबून ऐका. आता मात्र मला रजा द्या, जाऊबाई आल्यात आणि त्यांनी अजून पट्टा लावलेला नाही!