भाऊजींचा उजवा हात

लोखंडी पाइपांची मोळी खाली येता येता मधेच हातभर घसरली आणि खाली उभा असलेला मेहुणा एका उडीत खांबामागे गेला.

वर, क्रेनच्या केबिनमध्ये, भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. लिव्हर मुठीत होता; निदान डोळ्यांना तसं दिसत होतं. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मात्र त्याचा पत्ताच नव्हता.

"काय भाऊजी," मेहुणा खालून ओरडला, "ताईशी भांडलात की राग माझ्यावर काढता होय!"

सगळे हसले. भाऊजीही हसले. बायकोचा हा धाकटा भाऊ त्यांना भाऊजी म्हणायचा, म्हणून ते कारखानाभर भाऊजी झाले होते. वयाने मोठा असलेला सुपरवायझरसुद्धा भाऊजीच म्हणे. 'लग्न एकदाच केलं, मेहुणे मात्र शंभर मिळाले,' असं ते सांगत.

केबिन म्हणजे काचेचा डबा. शिडीने एकदा वर चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत सुटका नाही. खालचं दिसावं म्हणून पुढे वाकायचं, कोपरं खुर्चीच्या हातांवर रेटायची आणि तशाच दुमडलेल्या हातांनी लिव्हर धरून बसायचं. खुर्चीच्या हातांवरचा फोम कधीच झिजून गेला होता. क्रेन धावू लागली की उघड्या लोखंडातली थरथर थेट कोपरात शिरे. सुरुवातीला बोटांना मुंग्या येत आणि हात झटकला की जात. मग त्या जाईनाशा झाल्या. हल्ली शर्टाची बटणं बायको लावून देई. "एवढ्यात म्हातारे झालात का हो?" म्हणून चिडवी. खरं काय ते तिला सांगायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

त्या संध्याकाळी ते दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत कागद धरायला सांगितला आणि ओढला. तो अलगद निघून आला. मग त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला टिचकी मारली, तशी करंगळीपर्यंत वीज चमकून गेली.

"इथे आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच ही नस. तुमची रोज दबतेय. अंगठ्याजवळचं मांस बघा किती बसलंय. कोपर टेकवायचं नाही, फार वेळ दुमडून ठेवायचं नाही. ऑपरेशन करू, पण गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही."

"टेकवायचं नाही, दुमडायचं नाही. मग क्रेन चालवायची कशी?"

"चालवायची नाही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी मेहुण्याला सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"कुणाला बोलू नका भाऊजी. एकदा खाली उतरवलं की परत कोण वर चढू देतंय? ताईला काय सांगाल? खाली मी आहे ना. मी जपून राहीन."

"तू राहशील रे. माझ्या हाताचा काय भरवसा?"

"मला आहे."

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तरी भाऊजींना एवढं लागलं नसतं.

दुपारी एक अवजड यंत्र हलवायचं होतं. भाऊजींनी ते उचललं आणि खाली पाहिलं. मेहुणा रोजच्यापेक्षा दोन पावलं पुढे येऊन उभा होता. त्यांना धीर यावा म्हणून मुद्दाम. मान वर करून हसतही होता.

"मागे हो!" भाऊजी ओरडले. तो तसूभरही हलला नाही.

भार हवेत असताना केबिन सोडता येत नाही आणि आपण लिव्हर धरलाय की नुसता हात ठेवलाय, हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी उजव्या हातावर डावा हात दाबून त्यांनी यंत्र उतरवायला घेतलं. जीव मुठीत धरून, इंचाइंचाने. ते जमिनीला टेकलं तेव्हा खालच्या माणसांना काही विशेष घडल्यासारखं वाटलंच नाही.

भाऊजींनी क्रेन शिडीपाशी आणली, बंद केली आणि किल्ली खिशात टाकली.

शिडीच्या दांडीवर बोटं बसेनात. मेहुणा धावत वर चढला, त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि एकेका दांडीवर त्यांची बोटं आपल्या हाताने मिटवत त्यांना खाली घेऊन आला.

"का उतरलात भाऊजी?" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"तू खाली उभा होतास म्हणून."

ऑपरेशन झालं. मुंग्या गेल्या, ताकद आली नाही. वर नवा ऑपरेटर बसू लागला आणि भाऊजींना खाली उभं राहून इशारे द्यायचं काम मिळालं. 'थांब' म्हणायचं तर पंजा उघडून दाखवावा लागतो. डावा हात करायचा, असं भाऊजी रोज ठरवत आणि सवयीने उजवाच वर जाई. तीन बोटं उघडत, शेवटची दोन मिटलेलीच राहत.

पहिल्या दिवशी नव्या ऑपरेटरने काचेबाहेर डोकं काढून विचारलं होतं, "भाऊजी, थांबू का?"

आता तो विचारत नाही. तीन बोटं वर गेली की भार आहे तिथे थांबतो.