बाबांना सहा खांदे

मरताना बाबांनी एकच मागितलं होतं. गाडीत घालू नका, कारखान्यातून चर्चपर्यंत खांद्यावरून न्या. शेजारचे वार्तकेसकाका, जुने वेल्डर, सकाळपासून माणसं मोजत होते. सहा लागतात. आमच्याकडे चार होती, त्यातलं एक गुडघ्याने अधू.

एके काळी बैरूतच्या या मार मिखाइल वस्तीत नुसती हाक मारली असती तर साठ कारागीर धावले असते. घरमालकांनी एकेकाला हुसकून लावलं मेल्यांनी! गॅरेजात बार आले, लोहाराच्या जागी केकवाला. आमचं लेथ मशीन तेवढं उरलं होतं.

मशीनपाशी शवपेटी, दारात खुर्च्या. मी दुखवट्याची कडू कॉफी फिरवत होते. तेवढ्यात काळा गॉगल लावलेला एक तरुण दोन मैत्रिणींना घेऊन खुशाल येऊन बसला. दुखवट्याला आलेल्याला कॉफी नाकारत नाहीत, म्हणून दिली.

घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं. "पण जागा काय अस्सल आहे! कधी उघडलंत? ओटचं दूध मिळेल?"

इथले सगळे कॅफे असेच, जुनी मशीनं तशीच ठेवलेली आणि वाढणारे काळ्या कपड्यांत. पण माझं डोकंच फिरलं.

"उघडलं नाही, बंद होतंय! डोळे फुटलेत का? आत पेटी दिसत नाही?"

त्याने गॉगल काढला. "आई शप्पथ... मला वाटलं, सजावट आहे."

"माझा बाप सजावट?"

मैत्रिणी कधीच सटकल्या होत्या. तो खिसा चाचपत उठला. "सॉरी ताई. कॉफीचे किती झाले?"

"खांदा दे."

"अं?"

"माणसं कमी आहेत. जा, पुढचा उजवा कोपरा धर."

"पण माझी मीटिंग आहे हो..."

"खड्ड्यात गेली तुझी मीटिंग!"

तो मुकाट्याने आत गेला. पाच झाले. मी कॉफीचा ट्रे खाली ठेवला आणि डाव्या कोपऱ्यापाशी उभी राहिले.

वार्तकेसकाका गडबडले. "अगं नुहाद, बायका खांदा देत नाहीत. लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक, काका? आणा एखादा, मी लगेच बाजूला होते."

काकांनी दारात जाऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग परत आले आणि पेटी कशी उचलायची ते मला सांगू लागले.